केसांची बट यंत्रासमोर धरली तर शरीरातलं शिसं आणि पारा कळतो का?

जुनी बांगडी मोडायला सराफाकडे गेलात तर हल्ली कसोटीच्या दगडाआधी एक डब्यासारखं यंत्र पुढे येतं. बांगडी आत ठेवायची, झाकण लावायचं आणि थोडं थांबायचं. पडद्यावर आकडे येतात: सोनं इतके टक्के, तांबं इतकं, चांदी इतकी. बांगडी वितळवावी लागत नाही, घासावीही लागत नाही.

याच तंत्राचं हातात धरायचं रूपही असतं. दिसायला ते ड्रिल मशीन आणि बारकोड स्कॅनर यांच्या मधलं काहीतरी वाटतं. भंगारवाले त्यानं धातू ओळखतात, खाणीतले भूशास्त्रज्ञ दगडात काय आहे ते पाहतात, रंगात शिसं आहे का हेही त्यानं तपासतात. मग कोणाच्याही मनात प्रश्न येईल की याच यंत्रासमोर माणसाच्या केसांची बट धरली तर? शरीरात शिसं, पारा, आर्सेनिक किती गेलंय ते जागच्या जागी, सुई न टोचता कळेल का?

चंद्रपूरमध्ये हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही.

चंद्रपूरच का?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. परीक्षेत जास्त गुण म्हणजे आनंद, इथे नेमकं उलटं. ७० च्या वर गेलात की 'अतिप्रदूषित'. चंद्रपूरला मिळाले ८३.८८. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादच्या पाठोपाठ देशात चौथा नंबर.

कारणं शहरात शिरतानाच दिसतात. महानिर्मितीचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, मँगनीजचे मिश्रधातू बनवणारा कारखाना, बल्लारपूरची कागद गिरणी. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३५ ते ४५ टक्के असतं. म्हणजे दहा ट्रक कोळसा जाळला की साडेतीन-चार ट्रक राख उरते. या राखेत आर्सेनिक, शिसं, क्रोमियम असे धातू थोड्या थोड्या प्रमाणात असतात. पाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो भट्टीच्या उष्णतेत वाफ होतो आणि त्याचा बराच भाग चिमणीतून हवेत जातो. म्हणूनच डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेत औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्यालाही मर्यादा घातली गेली: एक घनमीटर धुरात ०.०३ मिलिग्रॅम.

हवा किती खराब आहे हे मोजणारी यंत्रं शहरात आहेत. लोकांना खरं तर वेगळंच विचारायचं असतं, की हवेतलं, पाण्यातलं हे सगळं माझ्या अंगात किती गेलं? माझ्या लेकराच्या अंगात किती गेलं? याचं उत्तर रक्त, लघवी, नखं किंवा केस यांतूनच मिळू शकतं.

त्यात केस सगळ्यात सोपे. या भागात सिकलसेलच्या तपासणीसाठी लोकांनी बोटाला सुया टोचून घेतलेल्या असतात, पुन्हा रक्त म्हटलं की मुलं दाराआड पळतात. रक्ताचा नमुना थंड ठेवून शहरातल्या लॅबपर्यंत न्यावा लागतो. एटापल्ली किंवा भामरागडहून तो वेळेत पोचवणं म्हणजे काय, ते तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यालाच विचारा. केस मात्र कागदाच्या पाकिटात घातले की झालं. बर्फ लागत नाही, घाई लागत नाही.

केसात धातू जातो कसा?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनतो आणि या प्रथिनात गंधक भरपूर असतं, केसाच्या वजनाच्या साधारण पाच टक्के. केस जळल्यावर जो उग्र वास येतो तो या गंधकाचाच. पारा, शिसं आणि आर्सेनिक यांना गंधकाची फार ओढ असते. केसाच्या मुळाशी रक्तवाहिन्या असतात. रक्तातून फिरणारा धातू तिथे वाढत्या केसातल्या गंधकाला चिकटतो आणि केस बाहेर आला की त्याच्यासोबत अडकून राहतो.

डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे टाळूजवळचा पहिला सेंटिमीटर गेल्या महिन्याचा, बारावा सेंटिमीटर वर्षापूर्वीचा. दोन फुटांची वेणी म्हणजे जवळजवळ पाच वर्षांची नोंदवही. रक्त मात्र अलीकडचंच सांगतं.

या नोंदवहीचा सर्वात मोठा उपयोग एका दुर्घटनेत झाला. १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये पेरणीसाठी परदेशातून गहू आला होता. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथाइल पाऱ्याचं औषध चोळलं होतं. गावागावांत लोकांनी तो दळून त्याच्या भाकरी केल्या. ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले, ४५९ जण तिथे दगावले. नंतर शास्त्रज्ञांनी रुग्णांचे केस घेऊन सेंटिमीटर-सेंटिमीटरनं तपासले. कोणत्या महिन्यात विष पोटात जायला लागलं, कधी सर्वाधिक होतं, कधी थांबलं, हे सगळं केसाच्या लांबीवर उमटलेलं होतं.

यंत्र नेमकं करतं काय?

या तंत्राला एक्स-रे फ्लुरोसन्स म्हणतात. यंत्रातून बारीक एक्स-रे किरण वस्तूवर पडतात. वस्तूतल्या अणूंना धक्का बसतो आणि ते स्वतःचे एक्स-रे बाहेर टाकतात. गंमत अशी की प्रत्येक मूलद्रव्याच्या या किरणांची ऊर्जा ठरलेली असते. जस्ताची वेगळी, पाऱ्याची वेगळी. मुंबईच्या गर्दीत मराठी, गुजराती, तमिळ कानावर पडावं आणि चेहरा न बघता कोण कुठला ते कळावं, तसं. यंत्र हे किरण मोजतं आणि कोणतं मूलद्रव्य किती आहे याचा हिशेब मांडतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण व्हिडिओंमध्ये लोक भलतंच काही करताना दिसतात. हे एक्स-रे यंत्र आहे. ते कोणाच्या डोक्याला लावायचं नसतं. केस कापून, छोट्या कुपीत दाबून भरून, झाकणाच्या स्टँडमध्ये ठेवून मग मोजायचं असतं. भारतात अशी यंत्रं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतात. कोणी तुमच्या मुलाच्या डोक्यावर असं यंत्र टेकवायला आलं तर सरळ नाही म्हणा.

सोनं आणि केस यांत फरक कुठे पडतो?

सराफाचं यंत्र हजार भागांत ९१६ भाग सोनं आहे का ते बघतं. केसात आपण शोधतोय ते दहा लाख भागांतला एखादा भाग. यालाच पीपीएम म्हणतात. धानपट्ट्यातल्या माणसाला सोप्या भाषेत सांगायचं तर एक क्विंटल तांदळात चार-पाच दाणे वेगळ्या रंगाचे टाकले, म्हणजे झाला एक पीपीएम. ते चार-पाच दाणे पोत्याबाहेरून शोधून दाखवायचे आहेत.

आता आकडे बघा. केसातल्या पाऱ्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं धरलेली सुरक्षित पातळी आहे सुमारे १ पीपीएम. आर्सेनिक तर निरोगी माणसाच्या केसात ०.०८ ते ०.२५ पीपीएम इतकंच असतं आणि १ च्या वर गेलं की ते विषारी समजतात. हातातल्या एक्स-रे यंत्राची नजर साधारण एक ते काही पीपीएमच्या आसपास अंधूक व्हायला लागते. म्हणजे ज्याच्या शरीरात खूपच विष गेलंय तो कदाचित सापडेल. धोक्याच्या रेषेच्या थोडा वर गेलेला माणूस निसटेल. आणि यंत्रावर 'नाही' असं दिसलं म्हणजे खरंच नाही, असा अर्थ कधीच लावायचा नाही.

आणखी एक अडचण आहे आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वात मजेशीर वाटते. आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते. शिशाची मुख्य रेषा १०.५५ वर. यंत्राला हा फरक कळूच शकत नाही. दोघं एकाच आवाजात बोलतात म्हणा ना! मग शिशाची दुसरी रेषा, १२.६ च्या आसपासची, बघून शिसं किती ते काढायचं आणि उरलेलं आर्सेनिकच्या नावावर मांडायचं. ज्या केसावर शिसं जास्त आहे त्यात थोडं आर्सेनिक असेल तर ते या वजाबाकीत हरवतं. कुपीत केस कमी भरले, सैल भरले, तरी आकडा हलतो, कारण पातळ थरातून किरण आरपार निघून जातात.

पाऱ्यासाठी याहून चांगलं फिरतं यंत्र आहे, पण ते वेगळ्या जातीचं. त्यात काही मिलिग्रॅम केस तापवून पारा वाफेच्या रूपात बाहेर काढतात आणि त्या वाफेतून अतिनील प्रकाश सोडतात. पाऱ्याचे अणू ठरावीक लांबीची प्रकाशलहर शोषतात, किती शोषली त्यावरून पारा कळतो. एक पीपीएमच्या बरंच खाली ते सहज जातं आणि दोन-चार मिनिटांत उत्तर देतं. फक्त मिलिग्रॅम मोजणारा तराजू सोबत लागतो, आणि तो वाऱ्याच्या झुळकीनंही डोलतो. त्यामुळे 'पोर्टेबल' म्हणजे झाडाखाली नव्हे. गावातल्या शाळेची एक बंद खोली आणि न जाणारी वीज एवढं तरी हवंच. शेवटची अट जास्त अवघड.

खरी गोची: धातू केसाच्या आत आहे की वर?

यंत्र कितीही चांगलं आणलं तरी चंद्रपुरात जी अडचण संपत नाही ती ही.

उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी काढताना झटकावा लागतो, हे शहरातल्या कुठल्याही घरात विचारा. जी धूळ सदऱ्यावर बसते ती डोक्यावरही बसते. त्यात कोळशाची भुकटी आहे, राख आहे, सिमेंट आहे. आता खाणीतल्या कामगाराचे केस तपासले आणि शिसं सापडलं. ते रक्तातून केसात आलं की हवेतून केसावर बसलं? यंत्राला तो फरक कळत नाही.

मग केस धुवायचे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं सुचवलेली पद्धत वर्षानुवर्षं वापरात आहे: आधी अ‍ॅसिटोन, मग तीनदा पाणी, पुन्हा अ‍ॅसिटोन. तेल, घाम, धूळ निघून जाते. पण बाहेरून आलेला धातू केसातल्या गंधकाला एकदा चिकटला की तो धुण्यानं पूर्ण निघत नाही. जोर लावून धुवावं तर आतलाही थोडा जातो. आर्सेनिक असलेल्या बोअरिंगच्या पाण्यानं रोज डोकं धुतलं तर ते पाणी न पिताही केसात आर्सेनिक सापडू शकतं.

शिवाय आपल्या रोजच्या सवयी. काही सिंदुरांमध्ये शिशाचं संयुग असतं आणि सिंदूर तर भांगातच भरतात. केस काळे करायच्या काही द्रव्यांत शिसं, कोंड्याच्या शाम्पूत सेलेनियम किंवा जस्त. आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा विषय निघाला की खर्रा आलाच. तंबाखूचं रोप जमिनीतलं कॅडमियम शोषून घेण्यात पटाईत आहे. दिवसाला पाच-सहा पुड्या खाणाऱ्याच्या शरीरातल्या कॅडमियमचा दोष थेट वीज केंद्राच्या चिमणीला दिला तर तो अभ्यास पहिल्याच प्रश्नाला कोसळेल. म्हणून केस घेताना सोबतचा फॉर्म यंत्राइतकाच महत्त्वाचा: काय खाता, कुठलं पाणी पिता, केसांना काय लावता, खर्रा खाता का.

अमेरिकेच्या सरकारी विषद्रव्य संस्थेनं २००१ मध्ये तज्ज्ञांना बोलावून याच प्रश्नावर खल केला होता. बहुतेक धातूंसाठी, केसातल्या आकड्यावरून माणसाच्या आरोग्याबद्दल काही ठाम सांगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ठळक अपवाद मिथाइल पाऱ्याचा. शिशासाठी आजही रक्तच तपासतात.

मग मिथाइल पारा चंद्रपुरात येईल कुठून?

चिमणीतून निघालेला पारा थेट केसात जात नाही. त्याचा रस्ता लांबचा आहे. हवेतला पारा पावसासोबत तलावात, धरणात उतरतो. तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू कमी असतो, तिथले जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तिथून शेवाळ, किडे, छोटे मासे, मोठे मासे. प्रत्येक पायरीवर पाऱ्याचं प्रमाण वाढत जातं. रोहू-कतला शाकाहारी वळणाचे, त्यांच्यात कमी. दुसरे मासे खाऊन जगणाऱ्या मरळीत जास्त. मासा खाणाऱ्याच्या रक्तात हा पारा येतो आणि केसात तो रक्ताच्या साधारण २५० पट साठतो. म्हणून केस इथे इतका चांगला साक्षीदार ठरतो. जपानमधल्या मिनामाता खाडीकाठच्या लोकांच्या केसात ७०५ पीपीएमपर्यंत पारा सापडला होता, तोही माशांतूनच आलेला.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. चंद्रपूर आणि गडचिरोली हे मालगुजारी तलावांचे जिल्हे. ढिवर समाजाची कित्येक कुटुंबं या तलावांवर जगतात, आठवड्यात अनेकदा मासे खातात. वीज केंद्राला पाणी देणारं इरई धरण केंद्रापासून फार लांब नाही. केस तपासायचेच असतील तर माझ्या मते सुरुवात शहरातल्या धुळीनं भरलेल्या चौकात करू नये. ती तलावाकाठच्या मासे खाणाऱ्या घरांपासून करावी, त्यातही मूल होऊ घातलेल्या बायकांपासून, कारण मिथाइल पाऱ्याचा सर्वात मोठा धोका पोटातल्या बाळाच्या मेंदूला असतो. आणि सोबत त्याच तलावातले मासेही तपासावेत.

कोळशाच्या दुसऱ्या एका पट्ट्यात हे करून पाहिलेलं आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं २०१२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्याचा अहवाल काढला. सिंगरौलीच्या वीज केंद्रांचा हा परिसर. तिथे पाणी, माती, मासे आणि त्यासोबत माणसांचं रक्त, केस, नखं असं सगळं तपासलं होतं. रक्ताच्या नमुन्यांपैकी ८४ टक्क्यांमध्ये पारा सुरक्षित पातळीच्या वर निघाला. नमुने मोजकेच होते, पण पाण्यापासून माणसापर्यंतची साखळी एकत्र बघण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे.

गडचिरोलीच्या सीमेपलीकडचं एक गाव

केसांनी खरोखर काही सिद्ध केलं अशी गोष्ट आपल्या अगदी शेजारी घडली आहे आणि ती इकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

गडचिरोलीच्या पूर्व सीमेला लागून छत्तीसगडचा मोहला-मानपूर-अंबागड चौकी हा जिल्हा आहे. २०२२ मध्ये तो वेगळा झाला, त्याआधी हा भाग राजनांदगाव जिल्ह्यात होता. तिथल्या कौडीकसा आणि आसपासच्या गावांत लोकांच्या तळहातांवर, तळपायांवर खडबडीत गाठी येत होत्या, अंगावर काळे-पांढरे ठिपके उठत होते. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातले दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी तिथे पोचले. बंगालमधल्या आर्सेनिकच्या साथीवर त्यांनी आधीच वर्षानुवर्षं काम केलेलं होतं, त्यामुळे ही लक्षणं त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी विहिरी आणि हातपंपांचं पाणी घेतलं, लोकांचे केस आणि नखं घेतली. १९९९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष छापले: पाण्यात आर्सेनिक, केसात आर्सेनिक, कातडीवर त्याच्याच खुणा.

इथे ना वीज केंद्र होतं, ना कारखाना. आर्सेनिक जमिनीखालच्या खडकातून आलं होतं. नुसतं पाणी तपासलं असतं तर 'आम्ही त्या विहिरीचं पीतच नाही' असं म्हणता आलं असतं. नुसती कातडी बघितली असती तर त्वचारोग म्हणून मलम देता आलं असतं. केस आणि नखांमुळे विहीर आणि माणूस यांचा धागा जुळला.

या कथेत फिरतं यंत्र कुठे आहे? कुठेच नाही. केस पाकिटात घालून कोलकात्याला गेले आणि तिथल्या प्रयोगशाळेत तपासले गेले. चंद्रपूरहून नागपूर तर दीडशे किलोमीटरवर. तिथे नीरीसारखी राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आहे. पीपीएमच्याही हजाराव्या भागापर्यंत मोजणारी यंत्रं अशाच मोठ्या प्रयोगशाळांत असतात. केस मुळातच इतका सहज नेता येतो की यंत्र गावात नेण्याचा हट्ट कधीकधी उगाच वाटतो.

मग फिरत्या यंत्राचा उपयोग काय?

आहे, आणि मोठा आहे. फक्त तो केसापेक्षा केसाच्या आजूबाजूला जास्त आहे.

समजा एका गावातल्या काही जणांच्या केसात किंवा रक्तात शिसं जास्त निघालं. आता ते येतंय कुठून? इथे हातातलं एक्स-रे यंत्र कामाला येतं. घरात जायचं आणि एकेक वस्तू बघायची: भिंतीचा रंग, अंगणातली माती, सिंदुराची डबी, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, मसाल्याचा डबा. या वस्तूंमध्ये शिसं असलं तर ते शेकड्यांनी, हजारांनी पीपीएम असतं. तिथे यंत्राची नजर अजिबात अंधूक नसते.

बांगलादेशात असंच झालं. गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढत संशोधक हळदीपर्यंत पोचले. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट नावाचा रंग चोळत होते. २०१९ मध्ये अधिकाऱ्यांनी ढाक्याच्या बाजारात हेच फिरतं यंत्र नेऊन जागेवर हळद तपासली, व्यापाऱ्यांना दंड केला, बातम्या आल्या. बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये ते शून्यावर आलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावर आकडा येतो, ही या यंत्राची ताकद प्रयोगशाळेच्या पंधरा दिवसांनी येणाऱ्या अहवालात नाही.

केसांच्या बाबतीत हे यंत्र फार तर चाळणी म्हणून वापरावं. हजार जणांतून ज्यांचे आकडे खूप वर दिसतात ते शंभर बाजूला काढायचे आणि त्यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. त्यासोबत खाली राहिलेल्यांपैकीही काही पाठवायचे, म्हणजे चाळणीला भोकं किती मोठी आहेत ते कळतं. यंत्र बरोबर चालतंय का हे बघण्यासाठी प्रमाणित केसही मिळतात, म्हणजे आत काय किती आहे ते आधीच ठरवलेलं केसांचं चूर्ण. जपानच्या राष्ट्रीय पर्यावरण संस्थेचं असं एक प्रसिद्ध आहे.

ऑनलाइन 'हेअर टेस्ट' करून घ्यावी का?

फेसबुक-इन्स्टावर जाहिराती दिसतात: केस पाठवा, शरीरातल्या विषांचा रिपोर्ट मिळवा, सोबत डिटॉक्सचं पॅकेज. पैसे वाचवा.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. एकाच निरोगी व्यक्तीचे केस सारखे वाटून सहा व्यावसायिक लॅबना पाठवले. बारा मूलद्रव्यांच्या बाबतीत सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकड्यात दहा पटींहून अधिक फरक निघाला. डोकं एकच, सल्लेही एकमेकांच्या विरुद्ध. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे अशा रिपोर्टवर दिली जाणारी 'धातू बाहेर काढणारी' औषधं. शिशाची खरी विषबाधा झालेल्या रुग्णाला डॉक्टर किलेशन देतात, पण चुकीच्या माणसाला चुकीचं औषध दिलं तर शरीरातलं कॅल्शियम ढासळतं. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा एक मुलगा असंच औषध देताना दगावला. शिशाची शंका असेल तर डॉक्टरांना विचारून रक्ताची तपासणी करा.

कोणी गावात केस मागायला आलं तर?

द्यायला हरकत नाही, पण आधी विचारा. अभ्यास कोणाचा, नैतिक समितीची परवानगी आहे का, माझा आकडा मला कळणार का, आणि जास्त निघाला तर पुढे काय करणार. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर केस देऊ नका. आकडा सांगून निघून जाणारे लोक गावात फक्त भीती ठेवून जातात. कापलेला केस परक्याच्या हाती जाणं अनेक घरांत आजही अशुभ मानतात, करणीची भीती असते. आलेल्या माणसानं त्याला हसू नये. नमुना कुठे राहणार, उरलेल्याचं काय होणार हे समोर सांगावं.

केस घ्यायची जागा डोक्याची मागची बाजू, मानेच्या जरा वर. तिथे केस बऱ्यापैकी एकसारखे वाढतात. पेन्सिलीएवढी जाड बट, स्वच्छ स्टीलच्या कात्रीनं, शक्य तितकी टाळूजवळ. सलूनच्या जमिनीवरून गोळा केलेले केस चालत नाहीत, ते कोणाचे आणि कुठल्या महिन्याचे काहीच कळत नाही. आणि बट कापायच्या आधी टाळूकडच्या टोकाला सुती दोरा बांधायचा. तो राहून गेला तर पाकीट नागपूरला पोचेपर्यंत दोन्ही टोकं सारखीच दिसतात आणि गेल्या महिन्यातला पारा दोन वर्षांपूर्वीच्या खात्यात लिहिला जातो.